पानशेत १९६१ : सकाळ ते दुपार

१२ जुलै १९६१ रोजी पुण्यात जो पूर आला, त्याला नैसर्गिक आपत्ती म्हणण्याची सवय आपल्याला जडली आहे. पाऊस जोरदार होता, हे खरे. पण मुठेच्या पात्रात त्या दिवशी जे पाणी उतरले, ते आभाळातून थेट आलेले नव्हते. माणसाने अडवलेले आणि त्याच्या हातून सुटलेले होते.

महाराष्ट्र राज्य स्थापन होऊन जेमतेम चौदा महिने झाले होते. आंबी नदीवर पानशेत येथे मातीचे धरण उभे राहत होते. काम १९६२ मध्ये पुरे व्हायचे. तरीही १९६१ च्याच पावसाळ्यात पाणी साठवायचे ठरले. धरणाच्या पोटातून पाणी सोडणाऱ्या मोरीत पोलादी सळयांचे काँक्रीट वापरलेले नव्हते, दरवाजांचे काम अपुरे होते आणि जलाशय मात्र झपाट्याने भरत होता. मोरीवरचा मातीचा भराव खचू लागला. दगडी धरणावरून पाणी वाहिले, तरी ते काही काळ तग धरू शकते. मातीच्या बांधावरून वाहिले, की ते माती कापतच जाते. खचणारा माथा म्हणूनच इतका धोकादायक होता.

११ जुलैच्या रात्री सैन्याच्या जवानांनी भर पावसात वाळूची पोती रचून तो माथा सावरला. धरण त्यांना वाचवता आले नाही. परंतु जे अंधारात फुटले असते, ते सकाळी फुटले. पुण्यातले सारे शहर झोपेत असताना हेच पाणी शिरले असते तर काय झाले असते, याचा विचार केला म्हणजे त्या पोत्यांचे मोल कळते.

यानंतर आडवे आले खडकवासला. १८७९ मध्ये पूर्ण झालेले हे दगडी धरण एवढा लोंढा पेलण्यासाठी बांधलेलेच नव्हते. तरीही पाणी माथ्यावरून वाहत असताना ते काही तास उभे राहिले आणि दुपारी कोसळले. त्या तासांत नदीकाठ रिकामा करता आला असता. प्रत्यक्षात ठाम, स्पष्ट इशारा सर्वांपर्यंत पोचला नाही. अफवा मात्र पोचल्या. कित्येक जण तर चढते पाणी पाहायला काठावर जमले होते. या प्रकरणातील सर्वांत मोठे अपयश अभियांत्रिकीचे की प्रशासनाचे, असा प्रश्न विचारला, तर उत्तर या मधल्या तासांत शोधावे लागते.

लकडी पूल पाण्याखाली गेला. शनिवार, नारायण, कसबा या पेठांत पाणी घुसले. जुन्या वाड्यांच्या मातीच्या भिंती भिजल्या आणि पाणी ओसरतानाही बसत गेल्या. मृतांच्या संख्येवर आजही एकमत नाही. हजाराच्या आसपास, असा अंदाज सांगितला जातो. आणखी एक विपरीत गोष्ट अशी, की खडकवासला गेल्यामुळे पुरात बुडालेल्या शहराला प्यायला पाणी उरले नाही. तेव्हा जुन्या विहिरी आणि नानासाहेब पेशव्यांच्या काळातील कात्रजच्या नळाचे हौद पुन्हा उपयोगी पडले.

चौकशीसाठी नेमलेल्या न्या. बावडेकरांचा काम अपुरे असतानाच मृत्यू झाला, पुढे न्या. नाईक यांच्या आयोगाने ते पूर्ण केले. पुनर्वसनाची सूत्रे पुण्याचे माजी आयुक्त स. गो. बर्वे यांच्याकडे आली. त्यातून गोखलेनगर, सहकारनगर यांसारख्या वसाहती उभ्या राहिल्या. आजच्या पुण्याचा नकाशा वाचताना हे ध्यानात ठेवावे : पेठांतून उठलेली माणसे टेकड्यांच्या पायथ्याशी गेली, ती बहुधा स्वेच्छेने नव्हे.

पानशेतचे धरण पुढे पुन्हा बांधले गेले. त्याच्या जलाशयाला तानाजीसागर म्हणतात. पूरग्रस्तांच्या गृहरचना संस्थांना दिलेल्या जमिनींच्या मालकीचा प्रश्न मात्र अर्धशतक उलटल्यावरही शासनदरबारी चालूच होता.