बोर्डिंग, मेस आणि पंगत : वऱ्हाडातील छात्रालयीन भोजनाविषयी काही विचार

शिक्षणाचा इतिहास लिहिताना शाळा, अभ्यासक्रम व परीक्षा यांचा विचार होतो; विद्यार्थ्याच्या दोन वेळच्या जेवणाचा सहसा होत नाही. वऱ्हाडाच्या बाबतीत ही उणीव लहान म्हणता येणार नाही. अमरावती-अकोल्याच्या शाळा-महाविद्यालयांचे दार खेड्यातील मुलाला उघडले ते बव्हंशी स्वयंपाकघराच्या वाटेने, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आपल्या नित्य वापरातील शब्दही या मताला साक्ष देतात.

परगावी राहून शिकण्याची जुनी रीत म्हणजे ‘वार लावून जेवणे’. आठवड्यातील एकेका वारी एकेका घरी जेवावयाचे, अथवा माधुकरी मागावयाची. ही सोय मुख्यतः ब्राह्मण विद्यार्थ्याची होती. शेतकऱ्याच्या मुलाला असे वार मिळणे कठीण आणि अस्पृश्य गणलेल्या मुलाला अशक्यच होते. दुसरा मार्ग खाणावळीचा. ‘धुणावळ’, ‘घडणावळ’, ‘शिवणावळ’ यांतील मोबदलावाचक प्रत्ययच ‘खाणावळ’ या शब्दात आहे; म्हणजे येथे जातीच्या जोडीला पैशाचाही प्रश्न आला. अमरावतीस १९२३ साली किंग एडवर्ड महाविद्यालय निघाले आणि उच्च शिक्षणासाठी नागपूर वा पुणे गाठण्याची निकड कमी झाली. परंतु कॉलेज जवळ आले, तरी भाकर जवळ आली नव्हती.

कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी १९०१ पासून या प्रश्नाला हात घातला. तेथील बहुतेक वसतिगृहे एकेका समाजासाठी होती. त्यामुळे मुलगा शहरात आला, तरी पंगत जातीचीच राहिली. साताऱ्यात १९२४ साली भाऊराव पाटलांनी सर्व जातींची मुले एकत्र ठेवली. मुले कामे वाटून घेत. आणि पैसा संपला तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही विकून चूल पेटती ठेवली. वऱ्हाडात हेच कार्य पंजाबराव देशमुखांनी आरंभिले. १९२६ साली इंग्लंडहून परतल्यावर त्यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढले व ते सर्व जातींच्या मुलांना खुले ठेवले. अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा लढा याच शहरात १९२७ साली झाला, हे ध्यानात घेतले म्हणजे एका छताखाली राहण्याजेवण्याचे मोल कळते.

पंजाबराव बॅरिस्टर होते. बॅरिस्टर होण्यासाठी परीक्षांच्या जोडीला लंडनच्या ‘इन’ नामक विधिसंस्थेच्या भोजनगृहात ठरावीक जेवणे घेणे आवश्यक असे. तेथे एकत्र जेवणाऱ्या चौघांच्या गटास ‘मेस’ म्हणतात. हा शब्द मूळचा जुन्या फ्रेंचमधील, त्याचा अर्थ ताटात वाढलेले अन्न. ‘बोर्ड’ म्हणजे फळी, मग मेज, मग मेजावरचे अन्न. म्हणून ‘बोर्डिंग’ म्हणजे मूलतः भोजनाची व्यवस्था. मराठीत मात्र ‘बोर्डिंग’ राहण्याच्या जागेचे आणि ‘मेस’ महिन्याच्या पैशांवर जेवण देणाऱ्या ठिकाणाचे नाव झाले. पहिल्या शब्दातून अन्न गळाले, दुसऱ्यातून सोबत.

आपला ‘पंगत’ हा शब्द ‘पंक्ती’पासून आला. धर्मशास्त्रातील ‘पंक्तिपावन’ व ‘अपांक्तेय’ या संज्ञा पाहिल्या म्हणजे पंगतीचे काम माणसे बसविण्याइतकेच वगळण्याचेही होते, हे दिसते. ही रेषा मोडण्याचे प्रयत्न जुने आहेत. १८४९ साली मुंबईत निघालेल्या परमहंस सभेत वैयाकरण दादोबा पांडुरंग प्रमुख होते. तेथील जातिभेदमोडीचे खाणे गुप्तपणे चाले. १८६० मध्ये सभासदांची नावे फुटली आणि सभा मोडली. विसाव्या शतकातील ‘सहभोजन’ उघड होते. पण जाहीर केलेले जेवण एका दिवसात आटोपते, आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येकजण आपल्या घरी जेवतो.

छात्रालयाचे वैशिष्ट्य येथेच आहे. तेथील जेवण गुप्त नव्हते, समारंभही नव्हते. ते रोजचे होते. मुले स्वतः रांधीत-वाढीत तेथे रुळलेला शब्द ‘पाळी’ : पाणी भरण्याची, भाकरी थापण्याची, वाढण्याची. ‘वार’ या शब्दात अन्न देणारे घर आहे. ‘पाळी’ या शब्दात काम करणारा मुलगा आहे. पहिल्यात उपकार, दुसऱ्यात वाटा. ज्याच्या हातचे आज खाल्ले त्यालाच उद्या आपल्या हातचे वाढावयाचे, हा क्रम वर्षभर चालला म्हणजे स्पृश्यास्पृश्यतेच्या युक्तिवादाला जागाच कमी उरते.

१९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन झाली; १९६९ साली अकोल्यात पंजाबरावांच्या नावे कृषी विद्यापीठ निघाले. या संस्थांचा इतिहास अहवालांत मिळतो. स्वयंपाकघरांचा इतिहास शिध्याच्या वह्यांत, पाळीच्या तक्त्यांत आणि वृद्ध माजी विद्यार्थ्यांच्या बोलण्यात शोधावा लागेल. ते बोलणे टिपून ठेवण्याचे काम भाषाभ्यासकांनी इतिहासकारांची वाट न पाहता हाती घ्यावे. कारण वह्या काही काळ टिकतील, बोलणारे टिकणार नाहीत.