रस्त्यातल्या खड्ड्यामुळे झालेली दुखापत : नशीब की हक्क?

पावसाळ्यात थेरगावच्या डांगे चौकातून दुचाकीने जाताना पाण्याखालचा खड्डा दिसला नाही, तुम्ही पडलात आणि मनगट मोडलं. दवाखान्यात डॉक्टर विचारतात, "काय झालं?" तुम्ही सांगता, "गाडी घसरली." कागदावर तेवढंच लिहिलं जातं. खड्ड्याचा उल्लेख राहून जातो.

सार्वजनिक जागेतली दुखापत म्हणजे नशिबाचा भाग, असं आपण पिढ्यान्पिढ्या मानत आलो. कायद्याने मात्र हा विचार हळूहळू बदलला आहे.

दिल्लीच्या चांदणी चौकात टाऊन हॉलसमोर एक घंटाघर होतं. ते कोसळून माणसं दगावली. बांधकाम सुमारे 80 वर्षांचं होतं आणि तशा बांधकामाचं आयुष्य 40 ते 45 वर्षांचंच असतं. दोष आतला होता, बाहेरून दिसत नव्हता, असा बचाव महापालिकेने केला. 1966 साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. रस्त्यालगतची वास्तू सुरक्षित ठेवणं, तिची वेळोवेळी तपासणी करणं ही मालकाचीच जबाबदारी, असं सांगून वारसांना मिळालेली भरपाई कायम केली.

पण त्यासाठी दिवाणी दावा लावावा लागे आणि वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. प्लास्टरमधला हात घेऊन कोर्टाची पायरी कोण चढणार?

2013 साली न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी खड्ड्यांबाबत मुख्य न्यायमूर्तींना पत्र लिहिलं. मुंबई उच्च न्यायालयाने त्याचीच जनहित याचिका करून घेतली. 29 ऑगस्ट 2017 च्या मुसळधार पावसात पोटविकारतज्ज्ञ डॉ. दीपक अमरापूरकर मुंबईत उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. आम्हा डॉक्टरांना तो दिवस विसरता येत नाही. 2018 साली उच्च न्यायालयाने चांगले रस्ते मिळणं हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग असल्याचं स्पष्ट केलं.

ऑक्टोबर 2025 मध्ये त्याच याचिकेत भरपाईचे आकडे ठरले. खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना 6 लाख रुपये. जखमींना दुखापतीच्या स्वरूपानुसार 50 हजार ते अडीच लाख. महापालिका हद्दीत आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती निर्णय घेईल. दावा केल्यापासून 6 ते 8 आठवड्यांत रक्कम द्यायची. उशीर झाल्यास 9 टक्के व्याज. ही रक्कम जबाबदार अधिकारी किंवा ठेकेदाराकडून वसूल करायची, असाही आदेश आहे.

मग तुम्ही काय करायचं? आधी उपचार, हे तर आलंच. पण डॉक्टरांना कुठे, कधी आणि कशामुळे पडलात ते नेमकं सांगा आणि तसंच लिहून घ्या. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद, करायला सांगा. "कशाला पोलिसांची कटकट" म्हणून टाळू नका. सोबत असलेल्याला खड्ड्याचे फोटो काढायला सांगा, कारण तो उद्या बुजवलेला असेल. एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड आणि बिलं जपून ठेवा.

मोडलेलं हाड साधारण दीड-दोन महिन्यांत जुळतं. बुडालेला रोज मात्र आपोआप भरून येत नाही. त्यासाठी पहिल्या रात्रीची ती एक ओळ कामी येते. म्हणून पुढच्या वेळी "गाडी घसरली" एवढंच सांगून थांबू नका.