स्कनर

स्कनर : स्कॉट्स भाषेतील शब्द; नाम आणि क्रियापद. मूळ अर्थ भीतीने कचरणे, नंतरचा शिसारी. आज रूढ अर्थ वीट, उबग, वैताग. स्कॉटलंडच्या सखल प्रदेशात आणि उत्तर आयर्लंडमध्ये प्रचलित. इंग्रजी शाळांच्या वळणामुळे हा शब्द गावंढळ, रस्त्यावरचा ठरवला गेला. त्याचा इतिहास मात्र वेगळे सांगतो.

जॉन बार्बरच्या ‘द ब्रूस’ (१३७५) या वीरकाव्यात हे क्रियापद भीतीने कचरणे, मागे सरणे या अर्थाने येते. भीतीने अंग चोरणे, मग किळसेने तोंड फिरवणे आणि शेवटी नुसताच कंटाळा, असा अर्थाचा प्रवास आहे. किळसेचा अर्थ रॉबर्ट बर्न्सच्या ‘टू अ हॅगिस’ (१७८६) या कवितेत ठसठशीत दिसतो. फ्रेंच थाटाचे कालवण खाल्ले तर डुकरिणीलाही ओकारी येईल, असे सांगताना कवीने ‘स्कॉनर’ असे रूप वापरले आहे. दर २५ जानेवारीला बर्न्सच्या जयंतीच्या जेवणात ही कविता मोठ्याने म्हटली जाते. म्हणजे ज्याला हलका म्हणून हिणवले, तो शब्द राष्ट्रीय सोहळ्यात दरवर्षी मानाने उच्चारला जातो.

बोलण्यात सर्वाधिक ऐकू येते ते ‘आम स्कनर्ट’, म्हणजे ‘वीट आलाय मला’. संततधार पाऊस, न येणारी बस, हातचा गेलेला फुटबॉल सामना, कारण काहीही चालते. ‘व्हिट अ स्कनर!’ म्हणजे ‘काय ही कटकट!’ त्रासदायक माणसालाही स्कनर म्हणतात. ‘टेक अ स्कनर’ या प्रयोगाची खुमारी वेगळी आहे. एखाद्या पदार्थावरून किंवा माणसावरून मन उडते आणि पुन्हा बसत नाही, तेव्हा तो वापरतात. पदार्थाच्या बाबतीत आपण ‘वासना उडाली’ म्हणू. माणसाच्या बाबतीत ‘अढी बसली’ हे जवळचे. कारण सांगता आलेच पाहिजे असे नाही, हे दोन्हीकडे सारखे. इंग्रजीतला ‘बोअर’ इथे तोकडा पडतो. बोअर झालेला माणूस जांभई देतो, स्कनर्ट झालेल्याच्या पोटात ढवळते. मराठी ‘वीट’ शब्दात हे ढवळणे बरेचसे येते, म्हणून अनुवादकाने तोच निवडावा.

‘स्कनरसम’ हे विशेषण किळसवाणे, नकोसे या अर्थी आढळते.

ज्या भाषेतला हा शब्द, तिलाही आता मान मिळतो आहे. स्कॉटलंडच्या २०२२च्या जनगणनेत सुमारे १५ लाख लोकांनी आपल्याला स्कॉट्स बोलता येते अशी नोंद केली. २०२५मध्ये तेथील संसदेने कायदा करून स्कॉट्सला गेलिकबरोबर अधिकृत भाषेचा दर्जा दिला.