श्रमाची भीती: मल्टिपल स्क्लेरोसिस आणि व्यायामोपचाराचा इतिहास

मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णाने अंगाला श्रम द्यायचे नाहीत, हा सल्ला विसाव्या शतकात बराच काळ प्रमाण मानला गेला. या आजाराचे व्यवस्थित वर्णन झाँ-मार्तां शार्को यांनी १८६८ मध्ये पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात केले होते. मेंदू आणि मज्जारज्जूतील तंतूंवर मायलिनचे आवरण असते. ते जागोजागी नष्ट होऊन तिथे कठीण चट्टे पडतात. मग पाय ताठतात, तोल जातो, नजर अंधुक होते आणि थोड्या कामानेही गळून जायला होते.

श्रमाच्या भीतीला मोठा आधार मिळाला तो १८९० मध्ये. चालणे-फिरणे झाल्यावर काही रुग्णांची दृष्टी तात्पुरती मंदावते, असे जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उहटहोफ यांना आढळले. त्यांचे निरीक्षण अचूक होते, पण खरे कारण श्रम नव्हते, अंगात वाढणारी उष्णता होती. आवरण गेलेल्या तंतूतून संदेश मुळात जेमतेम जातो. शरीर थोडे तापले की तोही अडतो आणि अंग निवले की पुन्हा जाऊ लागतो. यात नवी इजा होत नाही. पुढे रुग्णाला गरम पाण्यात बसवून लक्षणे वाढतात का, हे निदानासाठी पाहिले जाऊ लागले. म्हणजे उष्णतेचा परिणाम डॉक्टरांना ठाऊक होता, तरी हालचालीवरचा ठपका पुसला गेला नाही. या घोटाळ्याची किंमत रुग्णांच्या स्नायूंनी मोजली. आजाराने आलेल्या अशक्तपणात निजून राहिल्याने आलेल्या अशक्तपणाची भर पडत गेली.

याच काळात स्वित्झर्लंडमध्ये हाइनरिश फ्रेंकेल यांनी तोल सांभाळण्याचे व्यायाम बसवले. ते मुळात उपदंशाने मज्जारज्जू बिघडलेल्यांसाठी होते. पडल्या पडल्या टाच गादीवरून सावकाश सरकवायची, नजर पायावर ठेवायची. मग बसून, उभे राहून, शेवटी जमिनीवरच्या खुणांवर पावले टाकत चालायचे. सांध्यांकडून न मिळणारी जाणीव डोळ्यांनी भरून काढायची, हे त्यामागचे तत्त्व. मल्टिपल स्क्लेरोसिससाठीही ते वापरले गेले आणि फिजिओथेरपिस्ट आजही शिकवतात. दम लागेल असा व्यायाम मात्र वर्ज्यच राहिला.

तो समज मोडण्यात एका रुग्णाचा वाटा मोठा आहे. अमेरिकन स्कीपटू जिमी ह्यूगा यांनी १९६४ च्या इन्सब्रुक हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्लालममध्ये कांस्यपदक मिळवले. १९७० मध्ये त्यांना या आजाराचे निदान झाले. श्रम टाळा, हाच सल्ला त्यांनाही मिळाला. काही वर्षे तो पाळून तब्येत घसरलेली पाहिल्यावर त्यांनी स्वतःचा व्यायामक्रम आखला आणि १९८४ मध्ये कोलोरॅडोत अशा रुग्णांसाठी केंद्र काढले.

१९९६ मध्ये युटा विद्यापीठातील पेटाजन आणि सहकाऱ्यांनी ५४ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. व्यायामाच्या गटाने १५ आठवडे, आठवड्यातून तीनदा, ४० मिनिटे हातापायांनी पेडल फिरवले. त्यांचा दमसास आणि ताकद वाढली, थकवाही काही काळ कमी झाला. कॅनडाच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांनी सौम्य ते मध्यम अपंगत्व असलेल्या प्रौढांना आठवड्यातून दोनदा ३० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि दोनदा ताकदीचा व्यायाम सुचवला.

भारतात या रुग्णांची संस्था, मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया, १९८५ मध्ये मुंबईत सुरू झाली. इथल्या उकाड्यात उहटहोफ यांचे निरीक्षण रोजच्या उपयोगाचे आहे: व्यायाम पहाटेच्या गारव्यात किंवा पंख्याखाली करावा, गार पाणी जवळ ठेवावे, नजर अंधुक वाटली तर थांबावे आणि अंग निवल्यावर पुन्हा सुरू करावे.