दुकानदारांचा दावा, तिऱ्हाइताचे पैसे

दुसऱ्याच्या दाव्याला पैसे पुरवायचे आणि निकाल लागला की वाटा घ्यायचा, हा उद्योग इंग्लंडमध्ये शतकानुशतके गुन्हा होता. १२७५ च्या वेस्टमिन्स्टर कायद्याने आधी राजाच्या अधिकाऱ्यांना त्यातून बाहेर काढले. दरबारी वजन मागे असलेला दावा अर्धा जिंकलेलाच असणार! गुन्हा रद्द झाला तो थेट १९६७ मध्ये.

हिंदुस्थानात तो लागूच नव्हता. १८७६ मध्ये कलकत्त्याहून गेलेल्या एका प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने सांगितले, की करार रास्त असेल तर पैसे पुरवणे गैर नाही; पिळवणूक किंवा जुगार असेल तर मात्र कोर्ट तो मानणार नाही. पुढे मुंबई हायकोर्टाने दिवाणी प्रक्रिया संहितेत आपल्यापुरती भर घातली. पैशांच्या बदल्यात वादीने दाव्यातल्या मालमत्तेत हिस्सा देऊ केला असेल, तर त्या पैसेवाल्यालाच वादी करून खर्चाचा जामीन मागता येतो. पडद्याआडच्याला पुढे आणून बसवणे मला तरी बंदीपेक्षा शहाणपणाचे वाटते.

किरकोळ दुकानदार या गोष्टीत ठळकपणे दिसतात ते ऑस्ट्रेलियात. तिथली राज्ये तंबाखूवर परवाना शुल्क घेत, पण मोजणी विक्रीच्या किमतीवर. ऑगस्ट १९९७ मध्ये तिथल्या सर्वोच्च कोर्टाने ठरवले, की हा अबकारी करच आहे आणि तो राज्यांना लावता येत नाही. घाऊक विक्रेत्यांनी दुकानदारांकडून घेतलेले काही शुल्क तोवर सरकारजमा केले नव्हते. २००१ मध्ये रोथमन्स या घाऊक विक्रेत्याविरुद्धच्या दाव्यात कोर्टाने ते परत करायला लावले. गंमत अशी, की दुकानदारांनी ती रक्कम गिऱ्हाइकाकडून केव्हाच काढून घेतली होती. भुर्दंड सिगारेट ओढणाऱ्याला, परतावा गल्ल्यावर बसलेल्याला.

दुकानागणिक येणे मात्र किरकोळ. एकट्याने वकील लावला तर फीच डोईजड. ही अडचण फर्मस्टोन्स या सल्लागार कंपनीने हेरली. तिने दुकानदारांना पत्रे धाडली: तुम्ही संमती द्या, वकील आम्ही लावू, खर्च आम्ही करू, वसुलीतला तिसरा हिस्सा आमचा. हा कोर्टाचा दुरुपयोग आहे, अशी ओरड घाऊकवाल्यांनी केली. २००६ मध्ये फॉस्टिफ खटल्यात तिथल्या सर्वोच्च कोर्टाने बहुमताने ती फेटाळली. तिऱ्हाइताच्या पैशांची वाट मोकळी झाली. ज्यांच्यामुळे झाली ते दुकानदार मात्र प्रातिनिधिक दाव्याच्या नियमात बसत नाहीत म्हणून रिकाम्या हाती परतले.

ब्रिटनमध्ये टपालाच्या होरायझन संगणकप्रणालीने हिशेबात दाखवलेल्या खोट्या तुटीने पोळलेले ५५५ जण पोस्ट ऑफिसविरुद्ध लढले. त्यांतले बरेच उपपोस्टमास्तर दुकानातच टपालाची खिडकी चालवत. पैसे थेरियम या दाव्यांत गुंतवणूक करणाऱ्या फंडाने घातले. डिसेंबर २०१९ मध्ये ५ कोटी ७७ लाख ५० हजार पौंडांवर तडजोड झाली. खर्च आणि थेरियमचा वाटा वजा जाता हातात उरले सुमारे १ कोटी २० लाख. थेरियम नसते तर दावाच उभा राहणे कठीण होते, हेही खरे.

२०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भरपाईच्या टक्केवारीवर बेतलेले असे करार नियमात बसत नसल्याचे ठरवले. फंडवाल्यांनी कागद बदलले: टक्केवारी गेली, गुंतवलेल्या रकमेच्या पटीत मोबदला आला. २०२४ मध्ये सुमारे ३५ हजार दुकानदारांच्या वतीने ॲमेझॉनवर १.१ अब्ज पौंडांचा दावा लागला, तोही फंडाच्याच जोरावर. आणि २०२५ मध्ये अपील कोर्टाने पटीचा हिशेब चालवून घेतला.