आगबोट, पडाव आणि बेट



हिंगोली जिल्ह्यांतील कनेरगाव नाक्यासारख्या गांवीं ज्याचें आयुष्य गेलें, त्याला समुद्र पाहावयाचा म्हणजे अवघा महाराष्ट्र आडवा ओलांडावा लागतो. एवढा खटाटोप करावयाचाच, तर मोठ्या जहाजांतून थाटानें बेटें पाहावीं, असें त्याच्या मनांत आल्यास नवल नाहीं. २०२१ सालीं मुंबईहून लक्षद्वीपाकडे विहारनौका निघूं लागल्यावर तर हा मोह वाढलाच. परंतु मोठें जहाज आणि लहान बेट यांचें फारसें कधीं जमलेलें नाहीं, असें आपल्या किनाऱ्याचा इतिहास सांगतो.

मालवणसमोरचा सिंधुदुर्गच घ्या. १६६४ सालीं शिवछत्रपतींनीं कुरटे बेटावर त्याची पायाभरणी केली. सभोंवार पाण्याखालीं दडलेले खडक. त्यांतून वाट कोठून जाते, हें माहितगारासच ठाऊक. परक्या गलबतानें बेधडक आंत शिरावें, तर तळ फाटावयाचा. १७६५ सालीं इंग्रजांनीं हा दुर्ग घेतला, हें खरें. तोफेच्या गोळ्याला बुडता खडक आडवा येत नाहीं. पण पाहुण्याला बेटावर उतरावयाचें असतें, आणि त्याला आजही मालवणच्या धक्क्यावरून लहान होडीच धरावी लागते. जंजिऱ्याचेंही तेंच. राजापुरीहून शिडाच्या होडीनें निघावें, तों तट अगदीं अंगावर येईपर्यंत दरवाजा दृष्टीस पडत नाहीं. ही गंमत जहाजाच्या उंच सज्जावरून कशी कळावी?

कोंकणच्या आगबोटींची कथा याहून निराळी नव्हती. मुंबईहून निघालेली बोट हर्णै, रत्नागिरी, मालवण अशीं बंदरें घेत जाई. परंतु उथळ पाण्यामुळें पुष्कळ ठिकाणीं ती दूरच नांगर टाकी. मग पडाव येत. एका हातांत ट्रंक, कडेवर मूल, आणि लाट पडावाला वर उचलील तेवढ्या क्षणांत पाऊल साधावयाचें! पावसाळ्यांत ही वाहतूक बंदच असे. पुढें विसावें शतक संपण्यापूर्वींच ती कायमची थांबली.

जहाज मोठें म्हणून निर्धोक, हाही समज पारखून घ्यावा. १७ जुलै १९४७ रोजीं भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही आगबोटच होती, पडाव नव्हे. ऐन पावसाळ्यांतील तुफानांत ती काश्याच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं.

लक्षद्वीपाचा न्याय मात्र वेगळा. छत्तीस बेटें, त्यांपैकीं वस्ती दहांवर, सारी जमीन अवघी ३२ चौरस किलोमीटर. आणि कोचीपासून अंतर २२० ते ४४० किलोमीटर. तेथें होडीनें जा, असें कोणी शहाणा सांगणार नाहीं. तरीही प्रवाळाच्या कड्याबाहेर जहाज थांबतें आणि शेवटचा टप्पा लहान बोटीनेंच होतो. शिवाय त्या बेटांवरील गोड्या पाण्याचा थर खाऱ्या पाण्यावर तरंगणारा, पातळ. जहाज आपलें पाणी व स्वयंपाक बरोबर आणतें, हा त्याचा गुण मानला पाहिजे. दोष असा, कीं प्रवाशाचा पैसाही बहुतेक जहाजावरच राहतो.

तेव्हां सिंधुदुर्ग-जंजिऱ्यासाठीं मोठ्या जहाजाची वाट पाहूं नये. दिवाळीनंतर खुष्कीनें किनारा गांठावा, दोन रात्री गांवांत राहावें आणि भरती-ओहोटी विचारून होडींत बसावें. लक्षद्वीपाला जाणाऱ्यानें जहाज अवश्य घ्यावें. फक्त तिकिटापूर्वीं विचारावें, प्रत्यक्ष बेटावर तास किती मिळतील?