दरबाराचें चलच्चित्र आणि गायकवाडांचा मुजरा

राजाचें चित्र काढविण्याची हौस राजसत्तेइतकीच जुनी आहे. नाण्यावरील मुद्रा, महालांतील तैलचित्र, चौकांतील पुतळा हे सर्व त्याच हौसेचे प्रकार होत. या सर्वांत प्रजेनें काय पाहावें हें चित्रकाराच्या व त्याच्या धन्याच्या हातीं असे. चलच्चित्राचा शोध लागला तेव्हां मात्र हा व्यवहार इतका सोपा राहिला नाहीं. यंत्राच्या डोळ्यासमोर जें येईल तें फितीवर उमटूं लागलें. मग तें धन्यास हवें असो वा नसो. १९११ सालच्या दिल्ली दरबाराच्या चित्रपटांची हकीकत या दृष्टीनें मनन करण्याजोगी आहे. तिच्या केंद्रस्थानीं एक मराठी राजा असल्यामुळें महाराष्ट्रीयांस तर ती विशेषच जिव्हाळ्याची वाटेल.

बादशहा पंचम जॉर्ज व राणी मेरी हीं २ डिसेंबर १९११ रोजीं मुंबईस अपोलो बंदरावर उतरलीं. इंग्लंडच्या राजानें स्वतः हिंदुस्थानांत येऊन दरबार भरविण्याचा हा पहिला आणि शेवटचा प्रसंग होय. दिल्लींत प्रवेश करतांना बादशहा हत्तीवर न बसतां घोड्यावर बसून गेले. त्यामुळें वाटेंत दुतर्फा जमलेल्या पुष्कळांस बादशहा कोणते तें ओळखतांच आलें नाहीं! १२ डिसेंबर रोजीं दरबार भरला. वंगभंग रद्द झाल्याची व राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस नेण्याची घोषणा तेथेंच झाली. हा सोहळा टिपण्यासाठीं अनेक ब्रिटिश कंपन्यांचे छायाचित्रकार आपापलीं यंत्रें घेऊन आले होते. त्यांतील चार्लस अर्बन यांची मंडळी तांबड्या व हिरव्या काचांच्या साह्यानें रंगांचा भास उत्पन्न करणारी ‘किनेमाकलर’ पद्धति वापरीत होती. चित्र व्हावयाचें होतें तें बादशहाचें. संस्थानिक, फौजा, शामियाने ही सारी त्या चित्राची चौकट.

दरबारांतील महत्त्वाचा विधि म्हणजे संस्थानिकांची मानवंदना. एकेका राजानें सिंहासनासमोर यावें, तीनदां लवून मुजरा करावा आणि पाठ न दाखवितां मागें सरत निघून जावें, असा शिरस्ता ठरला होता. प्रथम मान हैदराबादच्या निजामांचा. मीर उस्मान अली खान यांस गादीवर येऊन चारच महिने झाले होते. वऱ्हाडावरील स्वामित्व नांवानें त्यांचेंच होतें. वाशीमकडील जऊळक्यासारखीं गांवें कागदोपत्रीं निजामांचीं. परंतु १९०२ च्या करारानें सालीना पंचवीस लाख रुपयांच्या बदल्यांत त्यांचा कारभार कायमचा इंग्रजांकडे गेला होता. नांव एकाचें व सत्ता दुसऱ्याची, हा जो संस्थानी राजकारणाचा गाभा, तोच त्या मुजऱ्यांत मूर्त होत होता.

निजामांच्या मागून बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड पुढें आले. वेष साधा, पांढरा, हातांत काठी. दागिने त्यांनीं मुद्दाम उतरवून ठेवले होते असेंहि कित्येकांचें म्हणणें आहे. त्यांनीं एकदांच किंचित् लवून मुजरा केला, आणि वळून ते चालूं लागले. बादशहाकडे पाठ झाली. सारा प्रकार कांहीं क्षणांचा. पण विलायतेंतील वृत्तपत्रांनीं त्यावर गहजब उडवून दिला. हा बादशहाचा जाणूनबुजून केलेला अपमान आहे, असा सूर निघाला. बडोद्यांत राजद्रोही मंडळींस आसरा मिळतो, असा संशय सरकारास आधींपासून होताच. अरविंद घोष यांनीं १९०६ पर्यंत बडोद्यांतच नोकरी केली होती. आतां त्या संशयास जणूं पुरावाच मिळाला.

महाराजांच्या दृष्टीनें हें संकट लहान नव्हतें. त्यांच्या आधींचे राजे मल्हारराव यांस इंग्रज सरकारनें १८७५ सालीं पदच्युत केलें होतें, आणि त्याच वर्षीं नाशिककडील कवळाणे गांवचा एक मुलगा दत्तक घेऊन त्या गादीवर बसविला होता. तो मुलगा म्हणजेच सयाजीराव. गादी कशी जाते हें त्यांस कोणी शिकविण्याची जरुरी नव्हती. त्यांनीं व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांस दिलगिरीचें पत्र लिहिलें. आपल्यापूर्वीं एकटे निजामच गेले होते, त्यामुळें विधीचे बारकावे नीट ध्यानांत आले नाहींत व ऐनवेळीं गोंधळ झाला, असा त्याचा आशय होता. तें पत्र वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झालें.

एरव्हीं हें प्रकरण साक्षीदारांच्या जबान्यांवरच राहिलें असतें. परंतु चित्रपटामुळें दिल्लीस न गेलेली हजारों माणसेंहि साक्षीदार बनलीं. दरबाराच्या फिती लंडनास पोंचल्या, आणि गायकवाडांचा मुजरा हें त्यांतील मोठेंच आकर्षण ठरलें. लोक बादशहाचें वैभव पाहावयास आले, आणि एका मांडलिक राजाच्या पाठीबद्दल बोलत घरीं गेले! २ फेब्रुवारी १९१२ पासून अर्बन यांचा रंगीत चित्रपट लंडनच्या स्काला नाट्यगृहांत सुरू झाला. खेळ सुमारें अडीच तासांचा. रंगभूमि ताजमहालाच्या देखाव्यानें सजविलेली, सोबत वाद्यवृंद. ११ मे रोजीं स्वतः बादशहा व राणी तो पाहावयास आलीं. आपलेंच चित्र प्रजेच्या नाट्यगृहांत बसून पाहण्याचा हा योग पूर्वींच्या कोणत्या सम्राटास आला असेल?

आतां प्रश्न असा कीं, या फितींनीं सिद्ध तरी काय केलें? त्या मूक आहेत, आणि यंत्रें सिंहासनापासून दूर होतीं. महाराज येतात, लवतात, वळतात, जातात, एवढें दिसतें. वळण्याच्या त्या क्षणीं मनांत अवज्ञा होती कीं गोंधळ, हें कोणतेंहि भिंग टिपूं शकत नाहीं. वृत्तपत्रें वाचून आलेल्या लंडनच्या प्रेक्षकास तेथें उद्दामपणा दिसणें स्वाभाविक होतें. पारतंत्र्यानें व्यथित झालेल्या हिंदी मनास त्याच हालचालींत स्वाभिमान दिसला, आणि बडोद्यांत व महाराष्ट्रांत हीच आठवण पुढें जपली गेली. पुढील काळांतील संशोधकांनींहि त्या फिती बारकाईनें तपासल्या. पण त्यांचेंहि एकमत झालेलें नाहीं. दिलगिरीच्या पत्रानेंहि निकाल लागत नाहीं. ज्याच्या डोक्यावर पदच्युतीची तलवार टांगलेली आहे, त्याचें पत्र मोकळ्या मनाची साक्ष म्हणून कसें धरावें? तसेंच तें केवळ भीतीनेंच लिहिलें असें म्हणण्यासहि आधार नाहीं.

अशा वेळीं क्षणाच्या चित्रापेक्षां आयुष्याचें चित्र पाहणें हाच इतिहासाचा मार्ग होय. सयाजीरावांनीं १८९० सालीं बडोद्यास कलाभवन स्थापिलें. १९०६ सालीं संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचें केलें. दरबारानंतर दोन वर्षांच्या आंतच, १९१३ सालीं, भीमराव आंबेडकर नांवाच्या तरुणास अमेरिकेंतील शिक्षणासाठीं शिष्यवृत्ति दिली. ज्याला परकी सत्ता मनापासून मान्य आहे तोहि शाळा काढूं शकेल, हें खरें. तथापि प्रजेस स्वतःच्या पायांवर उभें करण्याचा हा सततचा उद्योग एका मुजऱ्याहून अधिक स्पष्ट बोलतो.

यांत एक योगायोगहि आहे. याच कलाभवनांत शिकलेल्या दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहांत लागला. राज्यारोहणाचें नांव मिरविणाऱ्या त्या गृहांत प्रेक्षकांनीं पाहिला तो राज्यावर पाणी सोडणारा राजा. बडोद्याच्या ग्रंथालय खात्यानेंहि पुस्तकांबरोबर चलच्चित्रांचे मोफत खेळ खेड्यापाड्यांत नेले. ज्या यंत्रानें महाराजांची पाठ जगास दाखविली, तेंच यंत्र त्यांच्या राज्यांत लोकशिक्षणास लागलें.

राजघराण्यांनीं या अनुभवापासून काय घेतलें, हें सांगणें कठीण. पण प्रश्न जुना झाला नाहीं एवढें खरें. १९६९ सालीं राणी दुसऱ्या एलिझाबेथ यांच्या संमतीनें त्यांच्या कुटुंबाचा माहितीपट ब्रिटिश दूरचित्रवाणीवर दाखविण्यांत आला. लक्षावधि लोकांनीं तो पाहिला, आणि कांहीं वर्षांतच तो सर्वसामान्य प्रदर्शनांतून बाजूस ठेवला गेला. चित्र काढविणें राजाच्या हातीं असतें. त्यांतून काय पाहावें हें प्रेक्षक ठरवितो. आणि प्रेक्षकास जें दिसलें तेंच घडलें असें मानण्याची घाई इतिहासानें करूं नये, हा त्या दरबाराच्या फितींचा खरा धडा आहे.